खताच्या पोत्यातली माती

मे संपत आला होता. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि कोल्हापुरातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर नमुने घेऊन आलेल्यांची रांग लागली होती. आत ट्रेमध्ये पसरून वाळत घातलेल्या मातीचा कोंदट, गोडसर वास खिडकीपर्यंत येत होता. रांगेत शिरोळकडचे एक वयस्कर काका होते. हातात पोटॅशचं पोतं, तळाशी पाच-सहा किलो काळी माती, तोंड सुतळीनं आवळलेलं. पाळी आली तशी खिडकीतल्या ताईंनी पोत्यावरची अक्षरं वाचली आणि पुढं केलेला हात मागं घेतला. "काका, ही माती चालायची नाही." "का वं? दोन पाण्यानं धुतलंय की पोतं. उन्हात वाळवून मग भरलंय." "धुतलं तरी शिवणीत राहतंय. आता ह्यात जे निघंल ते तुमच्या रानातलं का पोत्यातलं, मी कसं सांगू?" काका जरा वेळ तसेच उभे राहिले. "माती तर माझ्याच रानातली हाय," एवढंच म्हणाले आणि पोतं खांद्यावर टाकून निघून गेले.

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ते डोक्यातून जाईना.

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. प्रयोगशाळेत एक भाग माती आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी घेऊन ढवळतात आणि त्या गढूळ पाण्याची विद्युत वाहकता मोजतात. जितके क्षार जास्त, तितका आकडा मोठा. चांगल्या रानाचा आकडा एकच्या आत असावा लागतो. अर्धा किलो मातीत पोटॅशचा एकच ग्रॅम मिसळला, तर तो आकडा दीडच्या आसपास वर सरकतो. म्हणजे शिवणीत अडकलेली चिमूटभर भुकटी धडधाकट रानाला आजारी ठरवू शकते. शिरोळ तालुक्यात ही बारीक गोष्ट राहत नाही. वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी पाजून तिथल्या कितीतरी रानांत खालचे क्षार वर आले आहेत. उन्हाळ्यात जमिनीला मीठ फुटतं. सकाळच्या उन्हात लांबून बघितलं तर दंव पडल्यासारखं वाटतं, पण ऊन चढलं तरी ते जात नाही. पायाखाली पापडासारखं कुरकुरतं. आता ही जमीन नुसती क्षारयुक्त की चोपण, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण, तिला जिप्सम घालावा लागतो. नुसते क्षार असतील तर निचरा काढून, सच्छिद्र पाइप पुरून ते पाण्याबरोबर धुऊन न्यावे लागतात. निदान चुकलं तर पैसेही जातात आणि रानही.

नमुना घेण्याचे नियम म्हणूनच इतके काटेकोर आहेत. बांधाजवळ, झाडाखाली, पाटाच्या कडेला, उकिरड्याच्या जागी खड्डा घ्यायचा नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंतची माती खरवडायची. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती गोळा करायची, गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळायचे, पुन्हा चार भाग करायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. लोखंडी घमेलं नको, कारण मग लोहाचा आकडा मातीचा की घमेल्याचा हे कळत नाही. आणि खताचं पोतं तर अजिबात नको. या नियमांतले अर्धे नियम माती कशी घ्यावी हे सांगतात. उरलेले अर्धे सांगतात की मातीत आपलं काही जाऊ देऊ नका.

हे दुसरे अर्धे नियम कोट्यवधी किलोमीटरवर पाळायचे म्हटले तर काय होतं, याची कहाणी मंगळावरच्या मातीची आहे. 'मंगळाच्या मातीत पाणी सापडलं' ही बातमी एका ओळीची असते. त्या ओळीमागे अनेक वर्षं एकच प्रश्न उभा असतो, खिडकीतल्या ताईंचाच: हे तिथलं का पोत्यातलं?

1976 साली व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली, पहिलं 20 जुलैला आणि दुसरं 3 सप्टेंबरला. त्यांनी माती खरवडून छोट्या भट्ट्यांत भरली, 200, 350 आणि 500 अंशांपर्यंत तापवली आणि निघालेली वाफ तपासली. पाणी निघालं, फार तर एक टक्का. सेंद्रिय पदार्थ शोधायचे होते, ते मात्र जवळजवळ काहीच नाहीत. फक्त क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन या क्लोरीनयुक्त संयुगांचा पुसटसा माग, अब्जात काही भाग एवढा. हे पदार्थ शास्त्रज्ञांच्या ओळखीचे होते. अशीच क्लोरीनयुक्त द्रावकं यंत्राचे भाग धुवायला वापरतात. त्यातल्या क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाणही पृथ्वीवरच्यासारखंच, तिनास एक. निष्कर्ष सरळ होता: पोतं नीट धुतलं गेलं नव्हतं. रिकाम्या भट्टीच्या चाचणीत ती संयुगं इतक्या प्रमाणात दिसली नव्हती, ही खुटखुट शिल्लक होती. पण तेवढ्यावर कुणी निकाल फिरवत नाही. नमुना बाद झाला आणि मंगळाची माती सेंद्रियदृष्ट्या कोरडी ठाक, असं बत्तीस वर्षं मानलं गेलं. त्या वेळच्या लोकांना नावं ठेवावीत असं यात काही नाही. खिडकीत बसलेल्या कुणीही तेच केलं असतं, करायलाही हवं.

मग 25 मे 2008 ला फिनिक्स हे यान उतरलं, मंगळाच्या उत्तरेला, 68 अंश अक्षांशावर. फिनिक्सला चाकं नव्हती. उतरलं तिथंच बसून 2.35 मीटर लांबीच्या हातानं पोचेल तेवढीच माती. पण त्याच्या पेटीत जे होतं ते याआधी कुठल्याच ग्रहावर गेलेलं नव्हतं: चार छोटे कप आणि पाणी. अगदी आपल्या प्रयोगशाळेसारखं, माती पाण्यात ढवळून काय विरघळतं ते बघायचं.

आधी पांढऱ्याची गोष्ट. खणताना चरात काही पांढरे खडे उघडे पडले, सोंगटीच्या फाशाएवढे. शिरोळच्या माणसाला पांढरं म्हणजे काय ते विचारावं लागत नाही, पण तिथं मीठ की बर्फ हा खरा प्रश्न होता. उत्तरासाठी कॅमेऱ्यापलीकडं कुठलंही उपकरण लागलं नाही, चार दिवस थांबावं लागलं. 15 जूनच्या फोटोत खडे होते, 19 जूनच्या फोटोत नव्हते. तिथं हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळं बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन उडून जातो. मीठ असतं तर जागच्या जागी राहिलं असतं, जसं आमच्या रानात ऊन चढल्यावरही राहतं. नमुना न घेता, न शिवता मिळालेलं हे उत्तर. म्हणूनच ते इतकं निखळ वाटतं: त्यात पोत्याचा संबंधच आला नाही.

भट्टीचा मामला मात्र अवघड होता. यानावर आठ भट्ट्या, प्रत्येक एकदाच वापरायची, आणि तोंडावर चाळण. पहिला घास चाळणीवर टाकला तर माती ढेकळासारखी धरून बसली, खाली उतरेचना. चाळण हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची, असं करत काही दिवसांनी 11 जूनला भट्टी भरली. पुढं बर्फाळ थर खरवडला तर तो हाताच्या खोऱ्यालाच चिकटून बसला. शेवटी जी माती नीट पडली ती दोन दिवस उघड्यावर राहून थोडी कोरडी झालेली होती. ऊस लावणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. चिखलात औत घालत नाहीत, दगड झालेल्या रानातही घालत नाहीत. वाफसा यावा लागतो. मंगळावरही वाफश्याची वाट बघावी लागली. त्या नमुन्याला ऊष्णता देताना शून्य अंशाजवळ तापमान अडलं. ऊष्णता जात होती, पण काटा हलत नव्हता. काहिलीत रस उकळत असतो तेव्हाही असंच होतं: खाली चुलवाण धडाडत असतं, पण पाणी उडेपर्यंत रसाचा ताप शंभराच्या आसपासच घुटमळतो आणि पाणी सरलं की मग झरझर चढतो. भट्टीत शून्यावरचा तो थांबा म्हणजे बर्फ वितळण्याची खूण. 31 जुलै 2008 ला जाहीर झालं, पाणी आहे, ते यंत्रानं हाताळून तपासलेलं.

पण बत्तीस वर्षांचं कोडं सुटलं ते कपात. एका कपात 25 मिलिलिटर द्रावण, त्यात सुमारे एक घनसेंटिमीटर माती, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेच्या दहापट पातळ. गोठलेलं पाणी आधी वितळवायचं. मग माती न टाकता नुसत्या द्रावणात सगळे इलेक्ट्रोड, म्हणजे काय विरघळलंय ते मोजणाऱ्या कांड्या, वाचायचे, मग मोजून दिलेलं मीठ टाकून काटे जुळवायचे, मग माती टाकून ढवळायचं. तीन नमुने असे तपासले गेले. सामू 7.7 निघाला, आपल्या काळ्या रानांना शोभेल असा. मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, सगळं ओळखीचं, आणि चुनखडीही. नायट्रेटसाठी बसवलेला इलेक्ट्रोड मात्र असा उसळला की तो सगळा इशारा नायट्रेटचा मानला, तर नायट्रेटचं वजन कपात टाकलेल्या मातीपेक्षा जास्त भरत होतं. हे शक्यच नव्हतं. तो इलेक्ट्रोड आणखी एका आयनाला नायट्रेटच्या सुमारे हजारपट प्रतिसाद देतो. तो आयन म्हणजे परक्लोरेट. क्लोरीनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार. फटाक्यांच्या दारूत आणि रॉकेटच्या इंधनात असतो तोच. मातीच्या वजनात अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

आणि इथं पुन्हा पोतं आडवं आलं. फिनिक्सला घेऊन गेलेल्या रॉकेटच्या घन इंधनात परक्लोरेट होतंच! यानाचे स्वतःचे थ्रस्टर हायड्रॅझिन या वेगळ्या इंधनावर चालणारे, पण घरापासून नेऊन सोडणाऱ्या गाडीच्या धुराचं काय? ही शंका बाहेरच्या टीकाकारांनी काढली नव्हती, हे काम करणाऱ्यांनी ती स्वतःच मांडली आणि तपासली. माती टाकण्यापूर्वीच्या वाचनात परक्लोरेट नव्हतं, माती टाकल्यावर आलं, आणि तिन्ही नमुन्यांत आलं. माती नसलेल्या कपाचं ते कोरं वाचन नसतं, तर 2008 चा नमुनाही खिडकीतून परत गेला असता. एखाद्या शोधाचा सगळा भार रिकाम्या कपावर असतो, ही गोष्ट बातमीत कधी येत नाही, याचं वाईट वाटतं.

आता व्हायकिंगकडे परत बघा. परक्लोरेट थंड मातीत शांत पडून असतं. तापवलं की फुटतं, ऑक्सिजन सोडतं, जवळचे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं आणि त्यातल्या उरल्यासुरल्या कार्बनला क्लोरीन चिकटतं. 2010 मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातली माती घेऊन, तीत परक्लोरेट मिसळून तापवली, तेव्हा निघाली तीच दोन संयुगं: क्लोरोमिथेन, डायक्लोरोमिथेन. म्हणजे कदाचित पोतं स्वच्छ होतं. कदाचित मातीच बोलत होती आणि तापवण्याच्या कृतीनंच तिचं बोलणं जाळलं. 'कदाचित' हा शब्द काढता येत नाही, कारण 1976 च्या भट्टीत नेमकं काय घडलं यावर अजून वाद आहेत. ज्या पद्धतीनं शोधायचं तीच पद्धत शोधायची वस्तू नाहीशी करते, हे मला या सगळ्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

परक्लोरेटचा आणखी एक गुण कोल्हापूरच्या पावसाळ्यात समजतो. जुलैत मिठाची बरणी पाझरते, कारण त्यातला मॅग्नेशियम क्लोराईड हवेतली ओल ओढून घेतो. खारवट रानातल्या उसाचा गूळही असाच, ढेप टिकत नाही, ओलसर होत जाते. मंगळावरची ही मिठं तशीच ओल ओढणारी आहेत, आणि कॅल्शियम परक्लोरेटचं संपृक्त पाणी उणे सत्तर अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. माणसाच्या थायरॉईडला ते बाधतं, कारण ते आयोडीनच्या वाटेत येतं. तिथं कधी कुणी बटाटे लावायचे म्हटले तर आधी माती धुवावी लागेल, शिरोळसारखीच.

6 ऑगस्ट 2012 ला क्युरिऑसिटी ही चाकांवर फिरणारी गाडी मंगळावरच्या गेल नावाच्या विवरात उतरली. तोवर सगळे शहाणे झाले होते. रॉकनेस्ट नावाच्या वाळूच्या ढिगातून पहिला घास घेतला तो तपासायला नव्हे, तर भांडं घासायला. वाळू आत घेऊन, थरथरवून, खोऱ्याच्या आणि चाळणीच्या भिंती खरवडून टाकून द्यायची, म्हणजे पृथ्वीवरून आलेला लेप निघून जाईल. आपल्याकडं पितळेची भांडी राखेनं घासतात, ते आठवतं. त्याच सुमाराला कॅमेऱ्याला जमिनीवर काहीतरी चकाकताना दिसलं आणि हाताचं काम थांबवावं लागलं. निघालं काय, तर बहुधा यानावरूनच गळालेला प्लॅस्टिकचा तुकडा. पुढं 150 मायक्रॉनच्या चाळणीतून उतरलेली माती भट्टीत गेली आणि 835 अंशांपर्यंत तापवली. त्यात पुन्हा एक घोळ: सेंद्रिय पदार्थ पकडण्यासाठी सोबत नेलेलं एक रसायन त्याच्या कपातून थोडं थोडं गळत होतं आणि त्याचा वास प्रत्येक नमुन्याला लागत होता. त्यामुळं इथं निघालेल्या क्लोरीनयुक्त संयुगांतला कार्बन मंगळाचा असं म्हणता येईना. वेगळ्या जागी भोकं पाडून, कोऱ्या चाचण्या घेऊन, पुन्हा पुन्हा मोजून, तेव्हा कुठं एका नमुन्यात क्लोरोबेन्झीन हे क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुग तिथलंच आहे असं सांगता आलं. ते जाहीर व्हायला डिसेंबर 2014 उजाडला.

पाण्याबद्दल मात्र रॉकनेस्टनं छान उत्तर दिलं. वजनाच्या दीड ते तीन टक्के. दोन टक्के धरले, तर पन्नास किलोच्या एका पोत्याभर मातीत एक लिटर. हे पाणी हाताला ओलं लागत नाही. आपली काळी माती सावलीत खडखडीत वाळवली तरी ओव्हनमध्ये 105 अंशांना चोवीस तास ठेवल्यावर तिचं वजन आणखी घटतं, तसंच. कुठल्या तापमानाला वाफ निघते यावरून पाणी कुठं दडलं होतं ते कळतं. कणांना नुसतं चिकटलेलं पाणी लवकर सुटतं. जिप्सममध्ये वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं आणि त्यातलं पाऊण पाणी दीडशे अंशांच्या आसपास निघून जातं. मागं उरतं ते कुंभार गल्लीत गणपतीच्या साच्यात ओततात ते प्लास्टर ऑफ पॅरिस. गेलमधल्या एका खडकाला भोक पाडल्यावर त्यात हेच खनिज सापडलं. चिकणमातीच्या पापुद्र्यांत बांधलेलं पाणी मात्र फार हट्टी, कित्येकशे अंश लागतात.

आणि ते पाणी आपण नेलेलं नव्हतं कशावरून? पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्युटेरियमचा, अंश असतो. मंगळाची हवा अब्जावधी वर्षं अवकाशात उडून जातेय. हलका हायड्रोजन आधी जातो, जड मागं राहतो. रॉकनेस्टच्या वाफेत तो अंश पृथ्वीवरच्या समुद्राच्या साधारण पाचपट भरला. हे प्रमाण तिथल्या हवेशी जुळतं, म्हणजे माती हवेतली ओल शोषत राहिली आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याही पोत्यात, कुठल्याही नळाला, पंचगंगेला किंवा रंकाळ्याला असं पाणी मिळणार नाही. वाफेच्या त्या थेंबावर गावाचं नाव कोरलेलं होतं.

आपल्या मातीवर असं नाव नसतं. शिरोळच्या रानातला क्लोराईड आणि पोटॅशच्या पोत्यातला क्लोराईड कपात उतरले की एकच.

आठ-दहा दिवसांनी काका परत आले. आभाळ भरून आलं होतं आणि रांग छोटी झाली होती. या खेपेला दोन पिशव्या होत्या, जुन्या धोतराच्या कापडाच्या, हातानं शिवलेल्या. प्रत्येकीत एक चिठ्ठी, गट नंबर आणि पीक पेन्सिलीनं लिहिलेलं, म्हणजे ओल लागली तरी अक्षर फुटणार नाही. ताईंनी एक पिशवी उघडून माती बोटांत चोळून बघितली आणि वही पुढं ओढली.

"पांढरं फुटलेल्या जागंतली कुठली, काका?"

"ही. गाठ मारल्याली."